सिंगापूरचं युनिव्हर्सल: प्रायव्हेट गाइड घ्यायचा की आपलं आपण जायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात असं, की मे महिन्यात तुम्ही सहा जण सिंगापूरला निघालाय, तुम्ही दोघं, ६ आणि ११ वर्षांची दोन मुलं, सासूबाई-सासरे, त्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि एजंटने "प्रायव्हेट गाइडेड युनिव्हर्सल डे ट्रिप" (म्हणजे सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज हे थीम पार्क) म्हणून एक जाडजूड आकडा सांगितलाय. तो द्यावा का, गाइडमुळे रांगा वाचतात का, आणि रेनकोट नेऊ का, असे तीन प्रश्न आहेत.

मी इथे सिंगापुरात परवानाधारक टुरिस्ट गाइड आहे, ११ वर्षं झाली, आणि निम्म्याहून जास्त कुटुंबं आपल्याकडचीच असतात. त्यामुळे माझं पोट ह्याच धंद्यावर आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही त्या हिशोबाने वाचाल. मला मेसेज करू नका, मे महिना माझा भरलाय.

आधी सगळ्यात मोठा गैरसमज. बाहेरून आणलेला गाइड, म्हणजे मी किंवा माझ्यासारखा कोणीही, तुम्हाला रांगेत पुढे घुसवू शकत नाही. माझ्या गळ्यातलं कार्ड बघून राइडवरचा माणूस मला नमस्कार करेल फार तर, पण रांग तुमच्याइतकीच मलाही लागते. रांग वाचवायची असेल तर त्यासाठी पार्कचा एक्सप्रेस पास आहे, तो प्रवेशाच्या तिकिटाशिवाय वेगळा घ्यावा लागतो, त्यात एक प्रकार प्रत्येक राइडला एकदाच चालतो आणि दुसरा अनलिमिटेड म्हणजे हवं तितक्या वेळा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पार्कची स्वतःची व्हीआयपी टूर, त्यात पार्कचाच माणूस बरोबर असतो आणि रांगाही टळतात, पण ती भलतीच महाग. एजंट लोक बोलताना ह्या तिन्हीची खिचडी करतात. "सर गाइड आहे ना, सगळं फास्ट होतं" असं म्हणाला असेल तर त्याला एकच विचारा, ह्या आकड्यात एक्सप्रेस पास धरलाय का, असला तर कुठला, आणि सहाही जणांचा का. ह्या प्रश्नावर तो जरा घुटमळला की समजून जा.

मग गाइडचा उपयोग काय? माझ्या अनुभवाने एकच, पण मोठा, तो म्हणजे कुटुंब फोडायचं आणि परत जोडायचं. ऐकायला विचित्र वाटेल. आपल्याकडची माणसं पार्कात सगळी मिळून फिरतात, एक जण राइडला गेला की बाकीचे पाच बाहेर उभे, मग दुसरा जातो, परत पाच उभे, आजीला बसायला जागा नाही, धाकट्याला शू लागलेली, आणि दुपारी २ वाजेपर्यंत सहा जणांच्या मिळून धड चार राइड्स होत नाहीत. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. रांग अर्ध्या तासाची असते पण कुटुंबाचा वेळ दीड तास जातो, कारण कोण कुठे बसणार हे रांगेच्या तोंडाशी ठरवत असतात. गाइड असला की हे कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं, बस.

म्हणून मला कोणी विचारलं की घेऊ का गाइड, तर मी उलट विचारतो, मुलांची उंची किती? वय नाही, उंची, आणि बूट काढून मोजलेली. तुम्ही लिहिलंय धाकटी ११२ सेंटीमीटर आणि मोठा १३८. आता बघा, बॅटलस्टार गॅलॅक्टिका, ती निळी-लाल जोडकोस्टर, तिला किमान १२५ सेंमी लागते. ममी, ती इजिप्त भागातली अंधारातली राइड, १२२. डायनोसॉरवाली बोटीची राइड, ज्युरासिक पार्क रॅपिड्स, १०७. ट्रान्सफॉर्मर्स १०२, पण १२२ च्या खालच्या मुलाबरोबर मोठं माणूस हवंच. कॅनोपी फ्लायर, ती पाय लोंबकळत फिरवणारी, ९२. म्हणजे मोठा सगळीकडे चालतो, धाकटीला ममी आणि बॅटलस्टार सोडून बहुतेक सगळं मिळतं. तुमचा दिवस फक्त दोन राइड्सपाशी फुटतो. हे कळलं की अर्धं प्लॅनिंग तिथेच झालं. (उंची मोजणारा माणूस एक सेंटीमीटरलाही ऐकत नाही, जाड सोलचे बूट वगैरे उद्योग करू नका, तिथे मूल रडतं आणि आपण ओशाळतो. घरीच सांगून ठेवा की ही राइड तुझ्यासाठी पुढच्या वेळी.)

ह्याच्या उलट, परवा एक जोडपं आलं होतं, दोघं पंचविशीतले, त्यांना मी सरळ म्हटलं की गाइडचे पैसे एक्सप्रेस पासात घाला आणि मला सोडा. पार्क आहे केवढं, मधोमध एक तळं आणि त्याच्याभोवती गोल रस्ता, हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नाही. २० हेक्टरच्या आसपास जागा. हॉलिवूड नावाच्या भागातून आत शिरायचं, मग न्यूयॉर्क, साय-फाय सिटी, इजिप्त, लॉस्ट वर्ल्ड, श्रेकचं फार फार अवे आणि मिनियन लँड, की परत हॉलिवूड. मिनियन लँड फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडलं, आधी तिथे मादागास्कर होतं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून प्लॅन करत असाल तर तेवढं लक्षात ठेवा.

आता तुमच्या कुटुंबाचं. मी तुमच्या जागी असतो तर पूर्ण दिवसाचा गाइड घेतला नसता. अर्ध्या दिवसाचा, म्हणजे गेट उघडण्याआधीपासून जेवणापर्यंत, हा मात्र घेतला असता, आणि तोही सासूबाईंमुळे. त्या दुपारनंतर तशाही थकणार, तेव्हा एक जण त्यांना घेऊन हॉटेलवर परत जाणार, उरलेल्यांना तोपर्यंत रस्ते पाठ झालेले असतात. दुपारी ३ नंतर गाइड नुसता तुमच्या पिशव्या धरून बसतो. खरंच सांगतो, मी बसलोय.

सकाळ अशी करा. पार्क सहसा १० ला उघडतं, पण तारखेप्रमाणे वेळ बदलते, तेव्हा तुमच्या तारखेची वेळ पार्कच्या साइटवर बघा. त्याच्या अर्धा तास आधी गेटवर. आपल्याला इथे एक गोष्ट पथ्यावर पडत नाही, सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे इथले ९ म्हणजे मुलांच्या अंगातले साडेसहा. पहिल्याच दिवशी युनिव्हर्सल ठेवू नका. रात्रीच्या विमानाने येऊन सकाळी उतरले आणि एजंटने त्याच दिवशी पार्क टाकलं, अशी कुटुंबं मी पाहिलीत, मुलं रांगेत उभ्या उभ्या झोपतात. दुसरा किंवा तिसरा दिवस ठेवा. बाहेरचा तो फिरणारा पृथ्वीचा गोल गेटच्या बाहेरच आहे, त्याला तिकीट लागत नाही, फोटो परत जाताना काढा. सकाळी तिथे सगळे फोटो काढत बसतात आणि तेवढ्यात पुढची गर्दी आत शिरते.

आत गेल्या गेल्या फुटायचं. बाबा आणि मोठा मुलगा थेट साय-फाय सिटीत बॅटलस्टारला. लाल ती बसायची, निळी ती लटकायची आणि डोकं खाली पाय वर करणारी, दोन्हीत मला तरी निळी जास्त आवडते पण पोटात कालवाकालव होत असेल तर लाल. खिशातलं सगळं, मोबाइल, चष्मा, किल्ल्या, लॉकरमध्ये ठेवावं लागतं, लॉकर सुरुवातीचा थोडा वेळ फुकट असतो मग पैसे पडतात, म्हणून ती पिशवी तुमच्याकडेच देऊन जाऊ दे. तेवढ्या वेळात तुम्ही धाकटीला घेऊन विरुद्ध बाजूने मिनियन लँडला, आजी-आजोबा तुमच्याबरोबर. नव्या भागाला सध्या सकाळपासून गर्दी असते, त्यामुळे तोही लवकर उरकलेला बरा. मग ट्रान्सफॉर्मर्सपाशी सगळे भेटा. ती २०११ च्या डिसेंबरात इथेच जगात पहिल्यांदा सुरू झाली होती आणि अजूनही माझ्या मते पार्कातली सगळ्यात चांगली राइड तीच, धाकटीही बसू शकते.

बॅटलस्टार आधी का, ह्यामागे एक गोष्ट आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाचा मुलगा फक्त त्या कोस्टरसाठी आला होता, महिनाभर त्याने तेवढाच जप केलेला, आणि मी शहाण्याने ठरवलं की शेवटी नेऊ, म्हणजे दिवसाचा शेवट गोड होईल. ३ वाजता आभाळ काळं झालं, विजा सुरू झाल्या आणि उघड्यावरच्या राइड्स बंद. तासभर थांबलो, दोन तास थांबलो, सुरू झालीच नाही. तो मुलगा काही बोलला नाही, नुसता बघत होता वर. मला अजून ते आठवतं. सिंगापुरात वर्षातले दीडशेहून जास्त दिवस गडगडाटी पाऊस असतो, आणि एप्रिल-मे हा दुपारच्या वादळांचा काळ. पावसापेक्षा विजेने राइड थांबते, पाऊस नसला तरी थांबते. तेव्हापासून माझा नियम एकच, उघड्यावरचं सगळं जेवणाआधी, छपराखालचं जेवणानंतर. ममी, ट्रान्सफॉर्मर्स, सेसमी स्ट्रीटची राइड ही आतली, ती कधीही करता येतात. कोस्टर, कॅनोपी फ्लायर आणि रॅपिड्स बाहेरची.

जेवणाआधी रॅपिड्स करा, फक्त आजी-आजोबा नकोत. तिथे अंग भिजतं म्हणजे नुसते शिंतोडे नाहीत, चड्डीपर्यंत भिजतं. वॉटरवर्ल्ड नावाचा शो आहे, त्याच्या ठरलेल्या वेळा असतात, सकाळी आत गेल्यावर पहिल्यांदा त्या वेळा बघा आणि बाकीचा दिवस त्याच्याभोवती बांधा. आजी-आजोबांसाठी सगळ्यात चांगली गोष्ट ती, बसायला मिळतं, आगीबिगी लागतात, पाण्यात विमान येतं, सासरे टाळ्या वाजवतील. पुढच्या ओळीत बसू नका, तिथे मुद्दाम पाणी उडवतात. बाबा आणि मोठा ममीला जातील तेव्हा बाकीचे त्या शोला, असं जमलं तर उत्तम.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर घ्या. गेटजवळ भाड्याने मिळते. "मला काय झालंय" असं त्या म्हणणार, सगळ्या म्हणतात. माझी युक्ती अशी की मी म्हणतो, काकू, पिशव्या ठेवायला घेतोय, आणि ११ वाजेपर्यंत त्या आपणहून बसतात. सून म्हणून तुम्ही सांगितलंत तर ऐकणार नाहीत कदाचित, सासऱ्यांकडून वदवा. आणि तिकीट काढताना बघा, ६० च्या पुढच्यांना सीनियरचं तिकीट असतं आणि ४ ते १२ वर्षांच्या मुलांना चाइल्ड. म्हणजे तुमच्यात मोठी तिकिटं फक्त दोनच. एजंटने सहाही अडल्ट लावलीत का ते नीट बघा, मी असं बिल पाहिलंय. वयासाठी पासपोर्ट जवळ ठेवा.

एक्सप्रेस घ्यायचा का? हे तारखेवर आहे. इथल्या शाळांची मोठी सुट्टी मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि जूनभर चालते. तुम्ही मेच्या पहिल्या पंधरवड्यात येत असाल आणि मंगळवार-बुधवार धरला तर मी एक्सप्रेसवर पैसे घालणार नाही, सकाळचा दीड तास नीट वापरला की पुरतं. १ मे आणि वेसाकची (म्हणजे बुद्ध पौर्णिमेची) सुट्टी टाळा. पण महिनाअखेर किंवा शनिवार-रविवार असेल तर बाबा आणि मोठ्या मुलासाठी दोनच पास घ्या, एकदा चालणारे. सहाही जणांना घेणं म्हणजे आजोबांच्या नावाने पैसे वाया घालवणं, ते तीन ठिकाणी बसले तर खूप. पासची किंमत तारखेप्रमाणे चढउतार होते आणि ते ठरावीकच असतात, आयत्या वेळी संपतात. काही राइड्सना सिंगल रायडर अशी वेगळी रांगही असते, एकट्या-दुकट्या माणसाला रिकाम्या सीटवर बसवतात, मोठ्या मुलाला एकट्याला बसायची भीती नसेल आणि ती राइड त्याला मोठ्या माणसाशिवाय चालत असेल तर ती वापरा.

गाडीचं. "प्रायव्हेट" ह्या शब्दाचे निम्मे पैसे गाडीचे असतात. सहा जण म्हणजे साधी गाडी चालत नाही, चारच्या वर प्रवासी घेत नाहीत. इथे १.३५ मीटरच्या खालच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतो, कायदाच आहे, टॅक्सीला सूट आहे पण ग्रॅबसारख्या, ॲपवरून बोलवायच्या प्रायव्हेट गाड्यांना नाही. तुमची धाकटी त्यात येते. एजंटला विचारा गाडीत बूस्टर आहे का. नसेल तर ड्रायव्हर ऐनवेळी नाही म्हणतो आणि तो बरोबर असतो. मेट्रोने यायचं म्हटलं तर हार्बरफ्रंट स्टेशन, वर व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसाची मोनोरेल, माणशी ४ सिंगापूर डॉलर, पहिलंच स्टेशन रिसॉर्ट्स वर्ल्ड, पार्क तिथेच. परतीला पैसे नाहीत. तुम्ही चौघंच असता तर मी हेच सांगितलं असतं. सासूबाईंसाठी मात्र जाताना गाडी करा, ती खाली बेसमेंटला सोडते आणि सरकत्या जिन्याने वर येता येतं.

गाइड घेतलाच तर तीन गोष्टी बघा. एक, इथे पैसे घेऊन गाइडचं काम करायला सिंगापूर टुरिझम बोर्डाचा परवाना लागतो, फोटोचं कार्ड असतं, ते काम करताना गळ्यात हवं. एका टूरवाल्याने (नाव घेत नाही) "गाइड" म्हणून पाठवलेला माणूस ड्रायव्हर निघाला, त्याने गेटला सोडलं आणि "५ वाजता येतो" म्हणून गेला, ते कुटुंब मला नंतर आत भेटलं, नकाशा उलटा धरून. तेव्हा गाइड गेटच्या आत येणार की बाहेरच थांबणार, हे लिहून घ्या. दोन, आत येणार असेल तर त्याचं तिकीट कोणाच्या खर्चात? बहुतेक तुमच्याच. तीन, किती तास, आणि तास कुठून मोजायचे, हॉटेलपासून की गेटपासून.

आणि एजंटने त्याच दिवशी संध्याकाळी केबल कार, ओशनेरियम (जुनं सी अक्वेरियम, २०२५ मध्ये मोठं करून नव्या नावाने उघडलंय) आणि रात्रीचा शो कोंबला असेल तर ते काढून टाका. सेंटोसावरच आहे म्हणून एका दिवसात बसतं असं कागदावर दिसतं. ओशनेरियमला वेगळा अर्धा दिवस द्या, ते आजी-आजोबांना युनिव्हर्सलपेक्षा जास्त आवडेल, लिहून देतो.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. आत शाकाहारी मिळतं पण निवड कमी आणि महाग, बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी नसते. हॉटेलवर भरपेट नाश्ता करून या, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणा, दुपारी जे मिळेल ते खा आणि रात्री लिटल इंडियात सेरंगून रोडला जा, तिथे डोसा-भात समोर आला की सासऱ्यांचा चेहरा बघा.

राहिला रेनकोट. हो, न्या, पण पावसासाठी नाही, रॅपिड्ससाठी. पार्कातही प्लॅस्टिकचे मिळतात, पण घरचे साधे स्वस्तातले चार आणलेत तर ते पैसे वाचतात. पायात चप्पल नको आणि नवे बूट तर नकोच, ओल्या बुटांनी उरलेला दिवस चालायचं असतं, म्हणून मागे पट्टा असलेले सँडल घाला आणि धाकटीचा एक कोरडा कपड्यांचा जोड पिशवीत ठेवा. तिचाच ठेवा, मोठा मुलगा नको म्हणेल आणि ओलाच फिरेल.